तेराव्याला सह्या

हिराजीनाना आजाऱ्याला भेटायला आला की आमच्या राई गावात माणसं आधी पाय पांघरुणात ओढून घ्यायची.

कारण नाना तब्येत विचारायचा नाही. खाटेच्या पायथ्याशी बसायचा, "काय म्हणतोस?" म्हणत पांघरूण वर सरकवायचा आणि नडगीवर अंगठा दाबायचा. दाबून सोडायचा, आणि पडलेला खळगा किती वेळात भरून येतो ते बघत राहायचा. पटकन भरला तर चहा पिऊन उठायचा. भरला नाही तर चहा झाल्यावर म्हणायचा, "एक कागद आणलाय. वाचून दावतो." त्याची हिरवी रेक्झिनची पिशवी घरात आली, की डॉक्टरने सांगायच्या आधी घरच्यांना समजायचं की आटोपत आलंय.

माझ्या वडिलांचेही पाय त्याने दाबले होते. आमचा त्याच्या जमिनीशी काडीचा संबंध नाही, आम्ही नुसते शेजारी. मी ओरडले, "नाना, आमचं नाव नाही तुझ्या सातबाऱ्यात!" तर म्हणतो कसा, "सवय गं, मास्तरीण." पंधरा दिवसांत वडील गेले. मेल्याचा अंदाज कधी चुकायचा नाही.

आता त्या जमिनीचं सांगते, म्हणजे माणूस कळेल. खाडीच्या बांधाला लागून भाताचं शेत. सातबाऱ्यावर नाव त्याच्या पणजोबाचं, गोमाचं. गोमा मरून तीन पिढ्या झाल्या, पण कागदावर तोच अजून शेत कसत होता. त्याच्या मागे मुलं, नातवंडं, पतवंडं वाढत गेली आणि वाटणी कुणी केलीच नाही. कुणाचं कुठवर, ते बांधावरच्या एका भेंडीच्या झाडावरून ठरायचं. झाडाच्या अलीकडे थोरल्या घराचं, पलीकडे धाकट्या घराचं. एका पावसाळ्यात झाड पडलं, आणि तेव्हापासून अलीकडे काय नि पलीकडे काय, सगळंच गोमाचं. पुढे आजूबाजूला टॉवर उभे राहिले, शेताला तिन्ही बाजूंनी पत्रे लागले, आणि बिल्डरची माणसं येऊन सगळ्या भावकीला एकच वाक्य ऐकवून जायला लागली : पहले टायटल क्लिअर करो. बाकीच्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. नानाने मनावर घेतलं.

"गोमाला त्या कागदावरून उतरवल्याबिगर मी मरणार न्हाय," असं तो ज्याला त्याला सांगायचा. ऐकणारा मनात म्हणायचा, मग लवकर उतरव बाबा.

मिठागरावर मुकादम होता तो. किडकिडीत, काळा, पांढरा सदरा, खिशाला लाल पेन्सिल. ती पेन्सिल तो ब्लेडने अशी तासायचा की टोक सुईला लाजवेल. आणि त्या पेन्सिलीचं काम काय, तर फुल्या मारणं. जुन्या कॅलेंडरांची पानं एकमेकांना चिकटवून त्याने घराण्याची वंशावळ केली होती. पसरली की आमची ओटी पुरायची नाही. नावं माझ्या अक्षरातली. मी तेव्हा नुकतीच शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते आणि गावात माझ्या अक्षराचं फार कौतुक होतं. कौतुक कसलं, वेठ होती ती. नाना सांगायचा, मी लिहायचे. कुणी गेलं की तो आधी घरी जाऊन त्या नावावर लाल फुली मारायचा, मग मयताला यायचा.

मूलबाळ नसलेला मेला की नाना विशेष हळहळायचा. "सोन्यासारखा माणूस! मागं कोण ठेवला न्हाय." म्हणजे एका फुलीत काम झालं, पुढे चार नावं वाढली नाहीत. "जितकी माणसं कमी, तितका कागद साफ," हे त्याचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजून झोपेत म्हणेन. तो स्वतः निपुत्रिक, बायको लवकर गेलेली. तेव्हा ते वाक्य आपल्यालाही लागू आहे हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. पण शहाणी माणसं स्वतःचं नाव मोजत नाहीत.

एक मात्र कबूल करायला हवं. कुणाच्या घरी मयत झालं की पहिला धावून येणारा नानाच. बांबू, मडकं, कापड, स्मशानातल्या लाकडांची पावती, पालिकेतून मृत्यूचा दाखला, भटजी, दहाव्याची तयारी, तेराव्याचा आचारी. घरची माणसं हंबरडा फोडत असायची आणि नाना आचाऱ्याशी बिरड्याच्या वालावरून हुज्जत घालत असायचा. तेरा दिवस तो त्या घराला काही म्हणजे काही कमी पडू द्यायचा नाही. आणि तेराव्याला, पानं मांडून झाली, भात आला, की हिरवी पिशवी उघडायची.

"सगळी एका जागी हायत तवर सह्या करून घ्या. जेवली की पांगतील. कोण विरारला, कोण पनवेलला, कोण कुठं. पुन्हा गावायची कवा? आता पुढचा मेल्यावर."

एका तेराव्याला त्याच्या चुलतभावाच्या मुलाने कागद हातात घेतला आणि वाचायला लागला. शिकलेलं पोर, कॉलेजात जाणारं. नाना पंगतीतून उठून उभा राहिला. म्हणाला, "बघा रं बघा! बाप जाऊन तेरा दिवस न्हाय झाले, आणि याला वाचायचं सुचतंय!" सगळी पंगत त्या पोराकडे बघायला लागली. पोर लाजेने लालबुंद झालं, न वाचता सही केली. मग त्याच्या आईची पाळी. कपाळ पुसलेलं, हातात बांगडी नाही. नानाने तिचा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर उठवला आणि तिच्याच पदराने पुसून तिच्या मांडीवर परत ठेवला. "जेव आता," म्हणाला. पदराला लागलेली ती निळी शाई मी समोरून बघत होते. जेवण चांगलं झालं होतं, खोटं कशाला सांगू.

पण हे सगळं मी सांगतेय ते सगुणासाठी. नानाच्या पाठची बहीण, माझ्या बरोबरीची. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. तोंडाने फटकळ, हसायला लागली की थांबायची नाही. तिने काशीमीऱ्याच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका बौद्ध मुलाशी लग्न केलं. बीडकडचा, भास्कर नाव. दारू नाही, विडी नाही, शांत माणूस. पण जातीबाहेरचा. बाप बिचारा गप्प बसला. नाना गप्प बसणारा नव्हता.

त्याने कणकेची बाहुली करून घेतली. खाडीवर नेली. बाहुलीला अग्नी दिला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि बहिणीचं नाव घेऊन ओंजळीने पाणी सोडलं, तीनदा. आमच्याकडे ही रीत होती, निघून गेलेल्या पोरीचं असं करायचे. पण बहुतेक घरं तेवढ्यावर थांबायची. दोन-चार वर्षांनी नातू घेऊन पोर दारात आली की आजी विरघळायची. नाना थांबला नाही. त्याने रीतसर दहावं केलं आणि तेराव्याला गावजेवण घातलं. बिरडं, भात, बुंदी. अख्खी राई जेवून गेली. मीही जेवले. बुंदी दोनदा घेतली. मैत्रीण जिवंत होती, तीन कोसांवर भाकऱ्या थापत होती, आणि मी तिच्या तेराव्याची बुंदी दोनदा घेतली.

दोन वर्षांनी हायवेवर बसस्टॉपला ती भेटली. कडेवर मुलगी. मला बघून इतकी हसली की आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"काय गं, माज्या तेराव्याला काय केला होता?"

मी सांगितलं.

"बुंदी पण? बापरे! लग्नात चहा पाजला नसता मेल्याने." मग हसू थांबलं. "बाबा कसे हायत?"

मी म्हटलं बरे आहेत. पर्समध्ये शेंगदाण्याची चिक्की होती, ती मुलीच्या हातात दिली. बस आली आणि मी चढले.

त्याच वर्षी तिचा बाप गेला. तिला कुणी कळवलं नाही. तेराव्याला वारसांची यादी करायची होती, तलाठ्याकडे द्यायला. पानं मांडलेली, नाना माझ्या शेजारी येऊन बसला. "लिही. मुलगा हिराजी. मुलगा पांडुरंग." पांडू हा त्याचा धाकटा भाऊ, समोरच बसला होता, खाली बघत. "मुलगी सगुणा. पुढं लिही, मयत, निःसंतान."

मी पेन थांबवलं. "नाना..."

"काय नाना? तू जेवली न्हाय तिच्या तेराव्याला?"

काय बोलणार होते मी? सांगा. बोलायचं तर होतंच, हे आज कळतं. म्हणायला हवं होतं, की मागच्याच महिन्यात तिच्या पोरीला मी चिक्की दिली. पण पंगत बघत होती, भात निवत होता. मी लिहिलं. मयत, निःसंतान. वळणदार अक्षरात, शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहावा तसं.

आणि गंमत ऐका, गंमत म्हणजे काय, तळतळाट. तलाठ्याने पंच बोलावले. गावातली दोन वयस्क माणसं, देवभोळी, शपथेवर खोटं बोलणारी नव्हेत. त्याने विचारलं, सगुणा वारली हे तुम्हाला ठाऊक आहे? ती म्हणाली, आम्ही तिच्या तेराव्याला जेवलोय. तेराव्याला जेवलोय म्हणजे मेलीच की! लिहिलं, अंगठे घेतले, फेरफार मंजूर. एक अक्षर खोटं न बोलता त्या दोघांनी बाईला मारून टाकलं. नाना त्या दिवशी खुशीत होता. वंशावळीवर सगुणाच्या नावावर फुली मारताना पेन्सिल एवढी दाबली की कागद फाटला, मग मागून कॅलेंडरचा तुकडा चिकटवला.

वर्षं गेली. पांडू गेला, त्याचा मुलगा विलास हाताशी आला. नानाने त्यालाच तयार केला. पिशवी धरायला विलास, शाईचं पॅड धरायला विलास. जीन्स, मोठा मोबाईल, प्रत्येक वाक्यात "सिस्टीम". पण पायाची सूज बघायला मात्र काकाकडून शिकला. गोमा एकदाचा कागदावरून उतरला, खाली नावांची रांग लागली, आणि नाना म्हणायचा, "आता थोडं ऱ्हायला."

सगुणाला कळलं ते मुलीमुळे. पोरीने सहज मोबाईलवर सातबारा काढून बघितला, आजोबाचं नाव दिसतं का म्हणून. आईचं नाव कुठेच नाही. जुना फेरफार काढला, तर आई मयत. आणि ती स्वतः तर जन्मलेलीच नाही. भास्कर तोवर गेला होता. पेणकरपाड्यात भाड्याच्या खोलीत दोघी राहायच्या. सगुणाने हरकत अर्ज टाकला. मी तिला भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "जमीन नको असं म्हणणार न्हाय मी. हक्काची हाय. पण ते मागून. आधी मला त्या कागदावर जिती करा. मी मेलेली मरणार न्हाय."

मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी झाली. खोलीत पंखा, फायली, आणि आम्ही. सगुणाकडे आधार कार्ड होतं, पण त्यावर नवऱ्याचं नाव. बापाशी नातं दाखवणारा एकच कागद, शाळेचा दाखला, तो माहेरी राहिला होता. माहेर म्हणजे हिरवी पिशवी. आणि शाळेतलं जुनं रजिस्टर पाण्याने भिजून कधीच गेलं होतं.

अधिकारी तरुण होता, समजूतदार वाटला. त्याने नानाला विचारलं, "ह्या तुमच्या बहीण का?"

नानाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाला, "न्हाय साहेब. माजी बहीण मेली. मीच पाणी सोडलंय. ही बाई कोण हाय, मला ठाऊक न्हाय."

सगुणा ओरडली नाही. मला वाटलं होतं ती खोली डोक्यावर घेईल.

मग अधिकारी माझ्याकडे वळला. "यादी तुमच्या अक्षरात आहे, बाई. लिहिताना सगुणा हयात होत्या, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्या वेळी माझ्या निवृत्तीला चार महिने होते. पेन्शनची फाईल वर गेलेली. खोटी यादी लिहिली म्हणून केस झाली तर? हे सगळं डोक्यात एका क्षणात फिरलं. मी म्हटलं, "मला सांगितलं ते मी लिहिलं."

सगुणाने तेव्हा माझ्याकडे मान वळवली. "माज्या पोरीला चिक्की दिली होतीस तू," एवढंच म्हणाली. अधिकाऱ्याने चिक्कीचं काही विचारलं नाही. नातं शाबीत होत नाही, दिवाणी कोर्टात दाद मागावी, असा निकाल लागला. कोर्टात जायला तिच्याकडे ना वकील ना वेळ. बाहेर पडताना विलास फोनवर कुणाला तरी सांगत होता, "हो गया, सिस्टीम से हो गया." नानाने कॅन्टीनमध्ये वडापाव मागवला आणि माझ्यापुढेही एक ठेवला. मी खाल्ला नाही. त्याने दोन्ही खाल्ले.

मग एक दिवस नानाला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोलणं समजायचं. विलासने त्याला आतल्या खोलीतून पडवीत आणलं, "हवा लागेल" म्हणून. खाट पत्र्याखाली, वर ऊन. पाण्याचा पेला स्टुलावर, स्टूल डाव्या हाताला. डावा हात लुळा. मी विलासच्या बायकोला म्हटलं, अगं स्टूल उजवीकडे ठेव. ती म्हणाली, "बाई, उजवीकडे ठेवलं की सारखं पितात, मग सारखं धुवावं लागतं." अशी ती सोय.

एका दुपारी मी गेले तर विलास पायथ्याशी बसला होता. पांघरूण वर सरकवलेलं. नडगीवर अंगठा दाबत होता. सोडला, आणि दोघेही त्या खळग्याकडे बघत राहिले. काकाही आणि पुतण्याही. खळगा भरला नाही.

"नाना, तुम्हीच शिकवलंय," विलास हसून म्हणाला आणि उठून गेला.

त्या दिवशी नानाने मला जवळ बोलावलं. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती. मी पुसली नाही. "मास्तरीण, लिही," म्हणाला.

"काय लिहू?"

"सगुणा जिती हाय. माजी सख्खी बहीण. पूर्वी लिहिलेला खोटा हाय."

मला क्षणभर, खरंच सांगते, भरून आलं. वाटलं, शेवटी पाझर फुटला. पण नाना तो नाना. पुढे म्हणतो, "पोर न्हाय, बायको न्हाय, भाऊ न्हाय. माज्या मागं बहीण असली तर सगळा बहिणीचा. नसली तर पुतण्याचा. या हरामखोराला एक वीत मिळता कामा नये."

म्हणजे बहीण जिवंत होणार होती ती पुतण्यावरच्या खुन्नसपायी. असो. कशापायीही होवो, होत होती ना? मी घरी गेले, कागद घेतला आणि लिहिलं. अक्षर तेच आलं. आणि सगुणाला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी विलास बायकोला घेऊन कुठल्याशा साखरपुड्याला गेला होता. सगुणा आली. इतक्या वर्षांनी माहेरच्या पडवीत पाय ठेवला. केस पांढरे झाले होते, हातात भाजीची पिशवी. खाटेपासून दोन हात लांब उभी राहिली. नानाने उशीखालून शाईचं पॅड काढलं, ते तेवढं त्याने कुणाला नेऊ दिलं नव्हतं. उजव्या हाताचा अंगठा स्वतःच पॅडवर दाबला, चांगला गर्रकन फिरवून. मी कागद पाटीवर धरून त्याच्यापुढे केला. शेजारची एक बाई साक्षीला आणली होती मी. सगळं तयार होतं. एक अंगठा उठायचा होता, बस.

नानाने अंगठा वर धरला. आणि तिथेच थांबला.

"आधी पाणी," म्हणाला.

मी स्टुलावरचा पेला उचलला. त्याने मान हलवली. सगुणाकडे बोट, म्हणजे तोच निळा अंगठा, केला. "तिच्या हातचा. रक्ताच्या माणसाचा. पाणी पाज, मंग अंगठा."

शेवटपर्यंत सौदा! जाताना तोंडात आपल्या माणसाचं पाणी पडायला हवं होतं त्याला, आणि त्या बदल्यात द्यायला त्याच्याकडे एकच वस्तू होती, तिचं नाव. मी सगुणाला म्हटलं, "अगं पाज ना. एक घोट. मग झालं. जिवंत होशील तू." मी अक्षरशः हात जोडले.

सगुणाने माझ्या हातून कागद घेतला. नीट वाचला, एक-एक ओळ, चौथीत वाचायची तसा, बोट फिरवत. मग मला परत दिला. पेलाही घेतला. खाटेजवळ गेली. नानाने तोंड उघडलं. जीभ बाहेर आली, कोरडी, पांढरी. तिने पेला त्याच्या ओठांपासून वीतभर अंतरावर धरला.

"दादूस," ती म्हणाली, "माज्या नावाचा तू खाडीत सोडलास ना? तीन ओंजळी? तो पी."

आणि पेला होता तिथे ठेवला, स्टुलावर, डाव्या हाताला.

"सगुणा!" मी ओरडले. "अगं कागद! तुझं नाव!"

"मेलेल्याच्या हातचा पाणी कोण पितंय का, बाय?" तिने भाजीची पिशवी उचलली. "ऱ्हाऊ दे मला मेलेली. याला तहानलेला ऱ्हाऊ दे."

गेली. मागे वळून बघितलं नाही. मी कागद पुन्हा नानापुढे धरला, "नाना, दे अंगठा, दे रे, मी पाजते पाणी." त्याने तोंड मिटलं. अंगठा वर धरलेला तसाच, चादरीला शाई लागू नये अशा बेताने. साक्षीची बाई घाबरून केव्हाच निघून गेली होती. मीही उठले. स्टूल उजवीकडे सरकवायचं माझ्या लक्षात आलं होतं. मी सरकवलं नाही.

पहाटे नाना गेला.

सकाळी अंघोळ घालताना विलासला तो अंगठा दिसला. साबण लावला, दगडाने घासलं, शाई काही जाईना. पोराचा चेहरा उतरला. मयताच्या गर्दीतून तो माझ्याकडे आला. "बाई, अंगठा कुणाला दिला नानांनी? कसला कागद? तुम्ही काल इथेच होता ना?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.

त्याने उशी फाडली, गादी उसवली, हिरवी पिशवी तीनदा उपडी केली. भावकीतल्या प्रत्येकाकडे तो संशयाने बघत होता. तेराव्याला माणसं नुसती जेवून पांगली, कारण सह्या घ्यायला धजावलाच नाही तो. काय सांगावं, कुणाच्या खिशातून कागद निघेल! अजून भेटला की विचारतो, "बाई, खरं सांगा ना, कुठाय कागद?" मी म्हणते, असेल कुठेतरी. कागद माझ्या कपाटात आहे. त्यावर माझं अक्षर आहे, आणि खाली अंगठ्याची जागा कोरी आहे. सातबाऱ्यावर सगुणा अजून मयत आहे.

तिरडी निघाली तेव्हा मी ओटीवर उभी होते. नानाला वरून पांढरं कापड, सुतळीने आवळून बांधलेलं. वळणावर खांदेकरी अडखळले आणि उजवा हात कापडातून बाहेर आला. अंगठा निळा होता. विलासने धावत जाऊन तो हात आत कोंबला.